उपनगरांतील लहान उद्योग आणि त्याचे करदायित्व : एक ऐतिहासिक टिपण

मुंबईच्या आर्थिक इतिहासाचा विचार करणाऱ्यांचे लक्ष प्रायः गिरण्या, गोदी आणि शेअरबाजार यांवर खिळलेले असते. अंधेरीच्या मरोळ भागातील औद्योगिक वसाहती, कांदिवली-बोरिवलीकडील गाळे, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, दोन्ही अंगांस पसरलेले छोटे कारखाने यांचा उल्लेख झालाच तर तो मोठ्या कारखान्यांचे पूरक उद्योग म्हणून ओझरता होतो. या गाळ्यांत एक-दोन लेथ, एखादा दाबयंत्राचा सांगाडा आणि पाच-सात कामगार घेऊन बसणाऱ्या माणसाचा राज्यसंस्थेशी जो नित्य संबंध येतो तो मुख्यतः कराच्या निमित्ताने. हा संबंध कसा घडत गेला, आणि असा माणूस आपल्या धंद्यास कंपनीचे रूप देतो तेव्हा त्याच्यावर नेमकी कोणती बंधने येऊन पडतात, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. करांच्या इतिहासाची चर्चा बहुधा दरांच्या अंगाने केली जाते. लहान उद्योजकाच्या बाबतीत ती पद्धत अपुरी पडते असे आमचे मत आहे. त्याच्या दृष्टीने कराचा इतिहास हा दरांपेक्षा वहीचा, नोंदींचा आणि मुदतींचा इतिहास आहे.

आरंभ अर्थातच १८६० पासून करावा लागतो. १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी प्राप्तिकर आणला. तो पाच वर्षांच्या मुदतीचा होता व १८६५ मध्ये संपुष्टात आला. पुढील दोन दशकांत सरकारने परवाना-कर, दाखला-कर, पुन्हा प्राप्तिकर असे अनेक प्रयोग केले. आपल्या विषयाच्या दृष्टीने यांपैकी १८७८ चा परवाना-कर विशेष लक्षणीय ठरतो. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर दुष्काळनिवारणाची कायमची तरतूद करावी या उद्देशाने तो बसविण्यात आला. मुंबई इलाख्यात त्याचा भार व्यापारी, दुकानदार आणि कारागीर यांच्यावर पडला. सरकारी नोकर आणि वकील-डॉक्टरांसारखे व्यावसायिक मात्र त्यातून मोकळे राहिले. सुरतेस एप्रिल १८७८ मध्ये या करावरून दंगल झाली, तिच्या मुळाशी ही विषमताच होती. पुढे १८८० मध्ये पाचशे रुपयांखालील वार्षिक उत्पन्नास सूट देऊन अगदी लहान माणसास त्यातून सोडविण्यात आले. दुष्काळासाठी म्हणून गोळा केलेला पैसा अफगाण युद्धाच्या खर्चाकडे वळविल्याची टीका तत्कालीन हिंदी लोकमताने केली, ती अनाठायी नव्हती. हे प्रकरण येथे थोडे विस्ताराने दिले आहे, कारण याच कल्पनेची पुनरावृत्ती सुमारे शंभर वर्षांनी महाराष्ट्रात झालेली पुढे दिसेल.

१८८६ च्या अधिनियमाने प्राप्तिकर कायमचा झाला. या अधिनियमात उत्पन्नाचे चार भाग पाडले होते : पगार व निवृत्तिवेतन, कंपन्यांचा नफा, सरकारी रोख्यांवरील व्याज, आणि इतर मार्गांचे उत्पन्न. 'कंपन्यांचा नफा' हा यात एक स्वतंत्र भाग होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी करदाती व्यक्ती आहे, हा विचार कायद्यात येथे स्पष्टपणे आला. दर रुपयास पाच पै, म्हणजे शेकडा सुमारे अडीच रुपये. आजच्या मानाने तो नगण्यच म्हणावयाचा. त्या वेळी कंपनी म्हणजे गिरणी, बँक किंवा आगबोटीचा धंदा असे समीकरण होते. साष्टीच्या खेड्यांतील मीठ, भात, गवत आणि ताडी यांच्या धंद्यांत असलेल्या माणसास या भागाशी काही कर्तव्य नव्हते.

उपनगरे म्हणून आज आपण ज्यांस ओळखतो तो प्रदेश १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून निघून मुंबई उपनगर जिल्हा म्हणून वेगळा झाला. मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये अंधेरी-जोगेश्वरी व घाटकोपर-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. या दोन तारखा सामान्यतः नगरशासनाच्या इतिहासात दिल्या जातात. परंतु कराच्या इतिहासातही त्यांचे महत्त्व आहे. पालिकेच्या हद्दीत येणे म्हणजे तिच्या करांच्या कक्षेत येणे होय. शहरात येणाऱ्या ठराविक मालावर पालिका पूर्वापार शहर-शुल्क घेत असे. १९६५ मध्ये त्याच्या जागी अधिक व्यापक अशी जकात आली. मुलुंड आणि दहिसर येथील नाके ही तेव्हापासून उपनगरांची खरी वेस झाली. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडील गाळ्यात काम करणाऱ्यास पलीकडून आणलेल्या पत्र्यावर, तारेवर, रंगावर जकात भरावी लागे. नाक्यापलीकडे ठाण्यात जकात नव्हती असे नाही, पण ती वेगळ्या पालिकेची आणि वेगळ्या दराची होती. एकच माल काम करून घेण्यासाठी नाक्याबाहेर पाठवावयाचा आणि परत आणावयाचा, तर त्याचे निराळे कागद करावे लागत. मालमोटारींच्या रांगा, नाक्यावरील दलाल आणि पावत्यांची बाडे यांविषयी त्या भागातील जुने कारखानदार आजही बोलतात. प्राप्तिकर वर्षातून एकदा आठवे. जकात रोज आठवत असे.

विक्रीकराचा प्रवेश या दोहोंच्या मधला. मद्रास इलाख्यात तो १९३९ मध्ये आला होता. मुंबई प्रांतात सर्वसाधारण विक्रीकर १ ऑक्टोबर १९४६ पासून सुरू झाला. याच वर्षी घडलेली एक गोष्ट येथे उदाहरणादाखल घेता येईल. दि. प. दांडेकर व त्यांचे बंधू गो. प. दांडेकर यांनी १९३१ मध्ये 'दांडेकर आणि कंपनी' या नावाने शाईच्या पुडी व गोळ्यांचा धंदा सुरू केला होता. नावात 'कंपनी' असली तरी कायद्याच्या अर्थाने ती कंपनी नव्हती. मराठी माणसाच्या कित्येक पेढ्यांच्या नावात ही 'आणि कंपनी' शोभेपुरती असे. हा धंदा खाजगी मर्यादित कंपनी झाला तो १९४६ मध्ये. 'कॅम्लिन' या नावाने पुढे घरोघर पोचलेल्या या उद्योगाचा पत्ता नंतर अंधेरीचा झाला. या रूपांतरामागील त्यांचा हेतू सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. तथापि त्या काळी एखाद्या कुटुंबाने पेढीची कंपनी केली, तर कराच्या बाजूने काय बदलत असे हे सांगता येते, आणि तोच आपल्या विषयाचा गाभा आहे.

१९२२ च्या प्राप्तिकर अधिनियमान्वये भागीदारी पेढीने कलम २६-अ खाली नोंदणी केली, की नफा भागीदारांत वाटून प्रत्येकाच्या हिश्शावर त्याच्या त्याच्या दराने कर आकारला जाई. दोन भाऊ आणि एक पुतण्या अशा पेढीस हे सोयीचे होते. पेढीवर स्वतंत्र कर, तोही अल्प दराने, १९५६ पासून सुरू झाला. कंपनीचे तसे नव्हते. तिचा नफा प्रथम तिच्या हाती करास पात्र होई, व उरलेल्यातून लाभांश दिला की तो भागधारकाच्या उत्पन्नात येई. मात्र १९२२ च्या अधिनियमात या दुहेरीपणावर एक उतारा होता. कंपनीने भरलेला प्राप्तिकर भागधारकाच्याच वतीने भरला असे मानून त्याला त्याची वजावट मिळे. १९५९ च्या वित्त अधिनियमाने ही योजना रद्द केली. तेव्हापासून कंपनी आणि भागधारक हे कराच्या दृष्टीने खरोखर दोन परके झाले. लहान कुटुंबाच्या कंपनीत मात्र नफा मिळविणारा व लाभांश घेणारा हात एकच असतो, हे कायद्याने लक्षात घेतले नाही असे म्हणावे लागते.

उलट, ज्या ठिकाणी त्याने हे लक्षात घेतले तेथे ते संशयाच्या दृष्टीने घेतले. कर चुकविण्यासाठी लोक नफा कंपनीतच साठवून ठेवतात, या शंकेतून १९३० मध्ये कलम २३-अ आले. १९३९ नंतरच्या त्याच्या स्वरूपात असे होते की, थोड्या लोकांच्या हाती असलेल्या कंपनीने करोत्तर नफ्याच्या ६० टक्क्यांहून कमी लाभांश वाटला, तर उरलेला नफाही वाटला गेला असे समजून भागधारकांवर कर बसविता येई. गतवर्षांचे नुकसान किंवा नफ्याचा अल्पपणा ध्यानी घेऊन अधिकाऱ्याने सवलत द्यावी अशी तरतूद होती खरी; पण यंत्र घेण्यासाठी नफा राखून ठेवणे आणि कर टाळण्यासाठी राखून ठेवणे यांतील भेद कागदावर दाखविणे गाळ्यातील माणसास सोपे नव्हते. बँक ज्यास कर्ज देत नाही त्याचे भांडवल म्हणजे मागील वर्षाचा नफा. त्यावरच हे कलम हात घालीत होते. पुढे औद्योगिक कंपन्यांस यातून सवलती मिळाल्या. १९६१ च्या अधिनियमात हीच तरतूद कलम १०४ म्हणून उतरली व १९८७ च्या वित्त अधिनियमाने ती अखेर वगळण्यात आली. आमच्या मते लहान कंपनीच्या वाढीस दरांपेक्षा या एका कलमाने अधिक अडथळा आणला असावा. या मुद्द्यावर एखाद्या विद्यार्थ्याने न्यायनिर्णयांच्या आधारे स्वतंत्र प्रबंध लिहिण्याजोगा आहे.

आता वहीकडे वळू. घाटकोपर आणि मुलुंड येथील गुजराती व कच्छी व्यापाऱ्यांचे वर्ष दिवाळीपासून दिवाळीपर्यंतचे. लक्ष्मीपूजनास वह्यांची पूजा व्हावयाची आणि नवे खाते उघडावयाचे. १९२२ च्या व १९६१ च्या अधिनियमांनी हा प्रघात मान्य केला होता. करदात्याने आपल्या हिशेबाचे वर्ष स्वतः निवडावे आणि त्यास 'पूर्ववर्ष' मानून आकारणी व्हावी असा नियम होता. एकाच औद्योगिक वसाहतीत एकाचे वर्ष दिवाळीस, दुसऱ्याचे डिसेंबरअखेर, तर तिसऱ्याचे मार्चअखेर संपे. १ एप्रिल १९८९ पासून ही मुभा गेली. सर्वांचे पूर्ववर्ष ३१ मार्चला संपू लागले, आणि संक्रमणाच्या त्या एका वेळी दिवाळी वर्ष पाळणाऱ्यास सुमारे सतरा महिन्यांचे हिशेब एकत्र द्यावे लागले. दिवाळीस वहीपूजन आजही होते, परंतु त्या वहीत आता आकारणीच्या उपयोगाचे काही नसते. शासनाच्या दिनदर्शिकेने व्यापाऱ्याच्या दिनदर्शिकेस बाजूस सारण्याची ही घटना सामाजिक इतिहासकारांकडून जवळजवळ दुर्लक्षित राहिली आहे, याचे आश्चर्य वाटते.

हिशेब मान्य न झाल्यास अधिकाऱ्याने स्वतःच्या विचाराने उत्पन्न ठरवावयाचे, ही तरतूद जुनीच आहे. या तरतुदीमुळे लहान उद्योजकास वही लिहिणाऱ्या मुनीमाबरोबर कायदा जाणणाऱ्या माणसाचीही गरज भासू लागली. सनदी लेखापालांची संस्था १ जुलै १९४९ रोजी स्थापन झाली. कंपनीस तर हिशेबतपासणी आकारमानाचा विचार न करता सक्तीची आहे. उलाढाल शून्य असली तरी ती करून घ्यावी लागते. व्यक्ती व पेढ्यांवर, विशिष्ट उलाढालीपुढे, कर-तपासणीचे बंधन १९८४ च्या वित्त अधिनियमाने आले. कराची रक्कम आगाऊ हप्त्यांनी भरण्याची पद्धत त्यापूर्वीच, म्हणजे युद्धकाळात १९४४ मध्ये, सुरू झाली होती.

विक्रीकराची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'मुंबई राज्य विरुद्ध युनायटेड मोटर्स' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये असा अर्थ लावला की, माल ज्या राज्यात वापरासाठी पोचतो ते राज्य बाहेरच्या विक्रेत्यावरही कर बसवू शकते. म्हणजे अंधेरीतून मद्रास, कलकत्ता व नागपूर येथे माल पाठविणाऱ्याने अनेक राज्यांच्या कचेऱ्यांत नोंदणी करावी असा प्रसंग आला. १९५५ च्या 'बंगाल इम्युनिटी' खटल्यात न्यायालयाने आपले मत फिरविले, घटनेत दुरुस्ती झाली आणि १९५६ चा केंद्रीय विक्रीकर अधिनियम आला. मोठ्या घटनात्मक वादाचा चटका सर्वांत लहान विक्रेत्यास कसा बसतो याचे हे उत्तम उदाहरण होय. राज्यांतर्गत कराची व्यवस्था १९५९ च्या मुंबई विक्रीकर अधिनियमाने १९६० पासून चालली, २००५ मध्ये मूल्यवर्धित कर आला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने हे सारे, उत्पादनशुल्क व मुंबईची जकातही, आपल्यात घेतले. मुलुंड व दहिसर येथील जकात नाके त्या दिवशी बंद झाले. पालिकेचे जे उत्पन्न बुडाले त्याची भरपाई राज्याने एका स्वतंत्र अधिनियमान्वये पत्करली.

उत्पादनशुल्काविषयी दोन शब्द. लहान कारखान्यांस ठराविक उलाढालीपर्यंत शुल्कमाफी असे. परिणाम असा झाला की, मर्यादा जवळ आली की एका गाळ्याचे दोन गाळे होत : एक भावाच्या नावे, दुसरा पत्नीच्या नावे. मग दोहोंची उलाढाल एकत्र धरावयाची की वेगळी, यावर वर्षानुवर्षे वाद चालत. धंद्याची वाढ थांबवून कागदावरील संख्या वाढविण्याची ही प्रवृत्ती निंद्य म्हणून सोडून देणे सोपे आहे. ती कायद्याने आखलेल्या रेषेतून निर्माण झाली हेही सांगितले पाहिजे. याच अंधेरीत १९७३ मध्ये निर्यातीसाठी सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्र, म्हणजे 'सीप्झ', उभारण्यात आले व त्याच्या भिंतीच्या आत निरनिराळ्या शुल्क-सवलती मिळू लागल्या. भिंतीच्या आत एक करव्यवस्था आणि बाहेर, रस्ता ओलांडून मरोळच्या गाळ्यांत, दुसरी.

आता व्यवसायकराकडे येऊ. महाराष्ट्राने हा कर १९७५ च्या अधिनियमाने बसविला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या विचारातून आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेस पैसा पुरविणे हा त्यामागचा मुख्य हेतू होता. कराचे उत्पन्न योजनेच्या निधीत जमा व्हावे आणि राज्याने तितकीच रक्कम आपल्याकडून घालावी अशी रचना करण्यात आली. रोजगार हमीचा अधिनियम १९७७ चा. तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. नगरातील व्यापार-व्यवसायावर कर बसवून दुष्काळी ग्रामीण भागास काम द्यावयाचे, ही कल्पना १८७८ च्या परवाना-कराशी किती जुळती आहे, हे पाहून अभ्यासक थबकतो. फरकही तितकाच मोठा आहे. १८७८ मध्ये अधिकारी व वकील वगळले गेले होते; १९७५ मध्ये पगारदारापासून कंपनीपर्यंत सर्व आले. त्या वेळी पैसा युद्धाकडे वळल्याची तक्रार होती; या वेळी खर्चाचे प्रयोजन कायद्यानेच बांधून ठेवले. बोरिवलीतील कारखानदार आपल्या कामगारांच्या पगारातून जी थोडी रक्कम कापून भरतो, तिचा संबंध मराठवाड्यातील पाझर तलावाशी आहे, हे त्यास बहुधा ठाऊक नसते. राज्यघटनेने या कराची कमाल मर्यादा वर्षास २५० रुपये ठेवली होती. १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीने ती २,५०० झाली. महाराष्ट्रात कंपनीस स्वतःच्या नावे वर्षाला हेच २,५०० रुपये भरावे लागतात. कोट्यवधींची उलाढाल असो वा एकही पावती फाडलेली नसो, रक्कम बदलत नाही.

आज जो तरुण गाळा भाड्याने घेऊन कंपनी स्थापन करतो त्याची स्थिती १९३१ च्या पेढीवाल्याहून मूलतः निराळी आहे. पूर्वी धंदा आधी असे आणि कर मागाहून त्यास शोधीत येई. २०२० पासून महाराष्ट्रात कंपनीच्या नोंदणीच्या अर्जातूनच व्यवसायकराची नोंदणी होते. प्राप्तिकराचा कायम लेखा क्रमांक व करकपातीचा क्रमांक हेही कंपनीच्या जन्माबरोबरच मिळतात. पहिली विक्री होण्यापूर्वीच ती करदाती असते. व्यक्तीस मिळणारी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा तिला नाही. नफ्याच्या पहिल्या रुपयापासून कर लागतो. लहान व्यापाऱ्याने उलाढालीच्या ठराविक अंशास नफा मानून मोकळे व्हावे अशी जी सवलत व्यक्ती व भागीदारी पेढीस आहे, ती कंपनीस लागू नाही. २०१९ नंतर इतर सवलती सोडण्याच्या अटीवर कंपनीस मूळ दर २२ टक्क्यांचा मिळू लागला, आणि २०२० मध्ये लाभांशावरील कर पुन्हा भागधारकाच्या हाती गेला. दोन टप्प्यांचा विचार न करता केवळ २२ हा आकडा पाहून कंपनी स्थापन करणारे अनेक आहेत. मालाच्या व्यापारात ४० लाखांपर्यंतची उलाढाल असणाऱ्यास वस्तू व सेवा कराच्या नोंदणीतून २०१९ पासून सूट आहे खरी, परंतु राज्याबाहेर माल विकणाऱ्यास ती उपयोगी पडत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाची जागा घेणारा २०२५ चा अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून अंमलात यावयाचा ठरला. त्याची भाषा सोपी केली आहे. वर सांगितलेली कंपनीची मूळ स्थिती मात्र त्याने बदललेली नाही.

धंदा चालला नाही तर काय, हा प्रश्न आरंभी कोणी विचारीत नाही. एकमालकी दुकान पाटी उतरविली की बंद होते. कंपनी तशी बंद होत नाही. नफा नसला तरी विवरणपत्र भरावयाचे, हिशेब तपासून घ्यावयाचे, कंपनी निबंधकाकडे वार्षिक पत्रके दाखल करावयाची, आणि व्यवसायकराचे २,५०० रुपये द्यावयाचे. २०१७-१८ मध्ये वार्षिक पत्रके न दिल्याबद्दल देशातील दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे निबंधकांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आली आणि त्यांच्या संचालकांपैकी पुष्कळांस इतर कंपन्यांतही संचालक होण्यास काही वर्षे अपात्र ठरविण्यात आले. त्यांत बनावट कंपन्या होत्या, तशाच कधी काळी उमेदीने काढलेल्या आणि पुढे गाळ्याचे भाडेही न परवडलेल्या कंपन्याही असाव्यात. या दोहोंची मोजदाद निबंधकांच्या नोंदवहीत वेगवेगळी होत नाही.